हात मागे

आमच्या समोरच्या घरातले मेश्राम पडणारी वस्तू कधीच झेलत नाहीत. टेबलावरून पेला घरंगळला, फळीवरून डबा निसटला, कुणाच्या हातून ताट सुटलं, की तुमचे-माझे हात नकळत पुढे जातात. मेश्राम दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करतात, दोन पावलं मागे सरकतात आणि वस्तू जमिनीवर पोचेपर्यंत तिच्याकडे शांतपणे बघत राहतात. मग म्हणतात, "पडली. आता उचला."

निनाद, तू सात वर्षांचा असताना सुट्टीत इथे जयपूरला, खातीपुऱ्यात आला होतास. गल्लीत तू त्यांच्याकडे अगदी हळू चेंडू टाकलास. ते हात वर करून मागे झाले आणि चेंडू उघड्या नालीत गेला. तू धावत घरात येऊन मला विचारलंस, "आजी, ते मला घाबरले का?" मी हसून तुझ्या हातावर लाडू ठेवला आणि विषय मिटवला. आता तू मोठा आहेस, तुझी बहीण ऋता तर तुझ्याहून मोठी. तेव्हा राहून गेलेलं उत्तर दोघांना लिहून पाठवते आहे.

माझी त्यांची खरी ओळख एका चिवड्याच्या बरणीमुळे झाली. तुमच्या आजोबांनी विमा कंपनीतून निवृत्त होताना हे घर घेतलं. समोर मराठी शेजार आहे म्हणून आम्ही खूश होतो. पहिल्याच दिवाळीत मेश्राम फराळाला आले. मी वरच्या फळीवरून काचेची मोठी बरणी काढत होते, ती हातातून सुटली. मेश्राम माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांना ती सहज धरता आली असती. त्यांनी हात वर केले. बरणी फुटली, काचा आणि चिवडा घरभर पसरला, आणि हे गृहस्थ मला म्हणतात, "बोटं मोजा, वहिनी."

मी चिडून म्हटलं, "दहा आहेत!"

"मंग काय गेलं जी? चिवडाच ना?"

त्यांची स्वतःची नऊ आहेत. डाव्या हाताला करंगळी नाही.

जयपुरात संक्रांतीला कापलेला पतंग दिसला की अख्खी गल्ली हात वर करून त्याच्यामागे धावते. मेश्रामही हात वर करतात, पण उलट्या दिशेने जातात. एकदा एक पतंग स्वतःहून त्यांच्या डोक्यावर येऊन बसला, तरी त्यांनी तो धरला नाही. त्यांच्या पत्नी कुंदाताई गच्चीवरून ओरडल्या, "अहो, तो कागद हाय! कागदानं कोणाचं बोट गेलं आजवर?"

कुंदाताईंकडे नवऱ्याच्या या खोडीच्या गोष्टींचा साठा होता. त्यातली सर्वांत आवडती त्यांच्या लग्नाची. नागपूरजवळच्या त्यांच्या गावी लग्न लागत होतं. वर-वधू समोरासमोर उभे, भंतेजींचं म्हणणं संपत आलेलं. कुंदाताईंनी हार उचलला आणि घामेजल्या हातांतून तो सुटला. "बाकीचे नवरे काय करतात? हार धरतात. हे हात वर करून मागं सरकले! माह्या मामाले वाटलं, पोरगा लग्नाले नाही म्हणून राहिला. मामा मांडवाच्या दाराशी जाऊन उभा राहिला, पळून जाऊ नये म्हणून." मेश्राम या गोष्टीवर दर वेळी एकच वाक्य बोलायचे. "मतलब, हार पडला, पण बोटं शाबूत राहिली ना?" आणि कुंदाताई म्हणायच्या, "येडा."

मेश्राम रेल्वेच्या कारखान्यात टर्नर होते, म्हणजे लेथवर काम करणारे. लेथवर लोखंडाचा तुकडा वेगाने फिरतो आणि हत्याराने त्याला आकार देतात. तो फिरणारा तुकडा ज्याने घट्ट पकडून ठेवलेला असतो, त्याला चक म्हणतात. चक ही लोखंडाची जाडजूड गोल थाळी असते. तिच्या तोंडावर तीन किंवा चार जबडे असतात आणि ते चावीने आवळले की काम जागचं हलत नाही. कामाप्रमाणे एक चक उतरवून दुसरा चढवावा लागतो. मोठा चक एकट्याने उचलण्यासारखा नसतो.

एवढं मला कळतं याचं कारण एक इंग्रजी पुस्तिका. निवृत्त झाल्यावर मेश्राम मुरलीपुऱ्यात बनवारीजींच्या लहानशा कारखान्यात जाऊ लागले. तिथे ते लेथ चालवत नसत. तिथल्या चकांची देखभाल करत. चक खोलायचे, जबडे सुटे करायचे, ब्रशने झाडायचे, वंगण घालून पुन्हा जोडायचे. एकदा नवा चक आला, त्याच्याबरोबर ही पुस्तिका आली. मेश्राम ती घेऊन माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही इंग्रजीच्या बी.ए. हा माणूस काय म्हणून राहिला ते सांगा, आणि कारखान्यासाठी हिंदीत लिहून द्या."

आम्ही चार दुपारी त्यावर बसलो. मी अर्थ सांगायची आणि मेश्राम लेखकाला नापास करायचे.

"चक चढवण्यापूर्वी बैठकीची जागा स्वच्छ पुसावी."

"नुसती पुसावी? मतलब, आधी ब्रश, मंग फडकं, मंग आपलं बोट फिरवून पाहावं. केसाएवढा चुरा राहिला तरी चक डोलते. या माणसानं जल्मात चक चढवला नाही."

"हवेच्या फवाऱ्याने साफ करू नये, चुरा आत जातो."

"हे बरोबर. हे कोण्या कारागिराले विचारून लिहिलं असंल."

"जबड्यांवर एक, दोन, तीन असे आकडे असतात. ते त्याच क्रमाने बसवावेत."

"लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. एक नंबर धरला नाही, तर दोनले हात लावायचा नाही."

पुढचं वाक्य होतं, "चक चढवताना लेथच्या पाटावर लाकडी फळी ठेवावी." मी मान वर करून पाहिलं, तर मेश्राम आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी सांगितलं. वय तेवीस. फळी सापडेना, उस्ताद घाई करत होता. चक हातातून निसटला आणि यांनी तो धरायला हात घातला. चक आणि त्याच्याखालचा लेथचा लोखंडी पाट यांच्यामध्ये करंगळी आली.

"त्याच दिवशी शिकलो, वहिनी. चक पडून राहिला ना, पडू द्यायचा. पाटाले खड्डा पडू दे, चक फुटू दे. सरकार दुसरा चक देते. बोट देत नाही. मंग जो-जो माह्या हाताखाली आला, त्याले पहिल्या दिवशी हेच शिकवलं. हात मागं. झोपेतून उठवलं तरी हात मागं. माह्या हाताखाली एकाचंही बोट गेलं नाही जी."

पुस्तिकेत ही सूचना नव्हती. त्यांच्या आग्रहावरून मी ती शेवटी घातली. तो हिंदी कागद बनवारीजींनी भिंतीला चिकटवला.

तीन वर्षांपूर्वी कुंदाताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली म्हणता येणार नाही, पण तीनच शब्द राहिले. हो, नाही आणि येडा.

मेश्रामांनी बाई ठेवली नाही. दिवसातून तीन वेळा कुंदाताईंना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर न्यायचं, हे काम ते करायचे आणि दुसऱ्या बाजूला मी. त्यांनी सागाची एक फळी घासून-घासून आरशासारखी गुळगुळीत केली होती. ती पलंग आणि खुर्चीच्या मध्ये ठेवायची. आपण धरतो तिथे कातडीला वळ उठू नयेत म्हणून हाताखाली टॉवेलची घडी. "तयार कामाले जबड्याचे डाग पडू द्यायचे नसतात, वहिनी. आम्ही तांब्याची पट्टी घालतो मधात." आणि सुरू करण्याआधी हजेरी.

"फळी?"

"आहे."

"बैठक?"

"पुसली."

"बोटं?"

"माझी दहा."

"माही नऊ. एकोणीस झाली. चला."

कुंदाताईंच्या अर्ध्या ओठांवर हसू यायचं आणि त्या म्हणायच्या, "येडा." हे दोन वर्षं चाललं. त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर आपल्या नर्सना उदाहरण देत असत.

गेल्या जानेवारीत एका सकाळी मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. मेश्रामांना मी सांगितलं होतं की अकरापर्यंत येते, तोवर थांबा. कुंदाताईंना थंडीत फार वेळ पडून राहवत नसे. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं असणार. मेश्रामांनी एकट्याने उचललं. फरशी नुकतीच पुसलेली होती. कुंदाताईंचा पाय सरकला, त्या त्यांच्या हातांतून खाली घसरू लागल्या.

आणि मेश्रामांचे हात वर गेले. ते दोन पावलं मागे सरकले.

कोट्याच्या दगडी फरशीवर कुंदाताईंचा खुबा मोडला.

मी इस्पितळात पोचले तेव्हा मेश्राम बाकावर बसले होते. मला पाहून उठले नाहीत. त्यांनी मला फक्त करून दाखवलं. हात असे होते, असे गेले. "मी नाही नेले, वहिनी. ते गेले. हातभर अंतर होतं. धरता आलं असतं. ती माह्याकडं पाहून राहिली होती." डॉक्टरांनी समजावलं की तुम्ही धरलं असतं तर दोघंही पडला असता. मेश्राम त्यांच्याकडे असं बघत राहिले, की जणू त्यात काय बिघडलं असतं.

शस्त्रक्रिया झाली. कुंदाताई घरी आल्या, पण हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केली, वर्षांची नाही. आता सुमन नावाची बाई कामाला ठेवली. ती जोरकस होती, मनाने वाईट नव्हती, पण तिच्या बोटांचे निळे वळ कुंदाताईंच्या दंडावर दिसू लागले. मेश्राम त्यांना हात लावत नसत. पलंगापासून लांब स्टूल टाकून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहायचे. कुंदाताई आपला चांगला, डावा हात त्यांच्याकडे पुढे करायच्या. मेश्राम स्टूल आणखी मागे सरकवायचे. मी हे रोज पाहत होते. मी खूप गोष्टी पाहिल्या आहेत, पण ते मागे सरकणारं स्टूल मला बघवत नसे.

मुलगा प्रशांत हैदराबादहून आला. त्याने तिथे एक देखभाल केंद्र पाहून ठेवलं होतं. स्वच्छ, नर्स चोवीस तास, भेटायची वेळ चार ते सहा. जागा रिकामी व्हायला तीन आठवडे लागणार होते. त्याने मला विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" मी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि म्हटलं, "ने." मेश्राम म्हणाले, "ने तिले. माह्या हातात देऊ नको." कुंदाताई म्हणाल्या, "नाही." ते त्यांनी तीन वेळा म्हटलं. आम्ही तिघंही शहाणी माणसं खिडकीबाहेर बघत होतो.

प्रशांत परत गेला आणि दोन दिवसांनी मेश्राम पुन्हा मुरलीपुऱ्याला जाऊ लागले. रोज दुपारी बारा वाजता निघायचे, तीनला परत. मला संताप आला. बायको जायला अठरा दिवस राहिले आहेत आणि या माणसाला चक पुसायचे आहेत! त्यांच्या शर्टाला माती असायची. एक दिवस कोपर सोललेलं होतं. मी विचारलं, "मेश्रामभाऊ, एवढं काय काम निघालं तिकडे?" म्हणाले, "हाय जी थोडं. अडून राहिलं." कुंदाताई त्या तीन तासांत दाराकडे बघत राहायच्या. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. त्या ऐकत नसत.

अखेर प्रशांतचा फोन आला. जागा मिळाली, रविवारची तिकिटं काढली, बाबा फोन उचलत नाहीत, तेवढं त्यांना सांगा. मी हा निरोप त्यांना तोंडावर सांगायचं ठरवलं. त्याच्याबरोबर सांगायच्या आणखी चार गोष्टीही मनात जुळवल्या होत्या. ई-रिक्षा केली आणि मुरलीपुऱ्याला गेले.

कुंदाताई हैदराबादला गेल्या नाहीत. त्या आजही समोरच्या घरात आहेत. रविवारची तिकिटं रद्द करायला मीच प्रशांतला सांगितलं आणि तो माझ्यावर महिनाभर रागावला. त्याला जे फोनवर नीट सांगता आलं नाही, ते तुम्हाला लिहिते.

कारखान्यात जेवणाची सुट्टी होती. यंत्रं बंद. बनवारीजी दाराबाहेर चहाचा ग्लास घेऊन उभे होते. मला पाहून त्यांनी ग्लास खाली ठेवला. "माताजी, ज़रा रुकिए. बाबूजी का काम चल रहा है."

"कौनसा काम? मशीनें तो बंद हैं."

ते बाजूला झाले.

आत लेथच्या पलीकडे, पलंगाच्या उंचीच्या एका टेबलावर, एक मोठं पोतं उभं केलेलं होतं. त्याला एक जुनी सुती साडी घट्ट गुंडाळली होती. ती साडी मी कुंदाताईंच्या अंगावर पाहिलेली होती. बस्सी गावाहून रोज येणारा कैलाश नावाचा चाळिशीचा टर्नर पोत्यामागे उभा होता. समोर मेश्राम, दोन्ही हात पोत्याच्या बगलेला.

"छोड़," मेश्राम म्हणाले.

कैलाशने सोडलं. पोतं घसरलं. मेश्रामांचे हात वर गेले, पावलं मागे गेली. पोतं धप्पकन खाली पडलं. कैलाशने ते उचलून पुन्हा टेबलावर ठेवलं.

"छोड़."

पुन्हा तेच.

बनवारीजी माझ्या कानाशी हळूच सांगत होते. आत वाळू आणि लाकडाचा भुसा आहे. शेहेचाळीस किलो, मेश्रामांनी स्वतः काट्यावर तोलून घेतलं, इस्पितळाच्या कागदावर कुंदाताईंचं होतं तेवढंच. पहिले दोन दिवस नुसतं पोतं होतं. मग मेश्राम म्हणाले, ताग हाताला धरतो, सरकत नाही, साडी सरकते. दोन आठवडे झाले, रोज जेवणाच्या सुट्टीत. "पहले दिन सब हँसे थे, माताजी. अब कोई नहीं हँसता. कैलाश रोटी भी बाद में खाता है."

मेश्राम आपल्या हातांशी बोलत होते. हाताखालच्या माणसाला शिकवावं तसं, न रागावता. "पुढं जाय रे. पुढं. काऊन भेतं? पुढं."

पाचव्यांदा हात वर गेले, पण अर्ध्यावर थबकले. सहाव्यांदा पुन्हा पूर्ण मागे. मेश्रामांनी तोंडावरचा घाम बाहीने पुसला. मला त्यांनी पाहिलं होतं की नाही, माहीत नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मनात जुळवलेल्या चार गोष्टींतली एकही आठवत नव्हती.

मग त्यांनी कैलाशला सांगितलं, की आता मी म्हणेन तेव्हा नको, तुला वाटेल तेव्हा सोड. ते गुडघ्यांत वाकून उभे राहिले. कैलाशने बराच वेळ जाऊ दिला. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू केली, आणि त्याच क्षणी त्याने सोडलं.

हात पुढे गेले.

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला ते वजन पेलणार नव्हतंच. पोत्यासकट ते मागे पडले, खाली अंथरलेल्या गोणपाटांवर, पाठीवर. कोपर जमिनीवर आपटल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. पण पोतं जमिनीला लागलं नव्हतं. ते त्यांच्या छातीवर होतं आणि त्यांचे दोन्ही हात त्याच्याभोवती घट्ट आवळलेले होते.

"बाबूजी, लगी तो नहीं?" कैलाश पोतं उचलायला घाईने वाकला.

मेश्रामांनी डोळे मिटले होते. त्यांनी हात सोडले नाहीत.

"रहने दे, भैया," ते म्हणाले. "थोड़ी देर रहने दे."